इंग्रजीचं पुस्तक निवडताना सातवा धडा उघडा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्या बी.ए. झाल्या आहेत आणि गावच्या वाचनालयात बुधवारी व शनिवारी संध्याकाळी सव्वा तास इंग्रजीचा वर्ग घेतात. पहिली ते पाचवीची 22 मुलं येतात, सगळी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली. शिमग्याला आलेल्या चाकरमान्यांनी मुंबई मंडळातर्फे पुस्तकांसाठी 12,000 रुपये दिले. मंडळाच्या सचिवांचा आग्रह आहे की मुंबईतल्या इंग्रजी शाळांत चालते ती परदेशी प्रकाशनाची रंगीत मालिका घ्या, आपली मुलं मागे पडायला नकोत. दुकानदार व्याकरणाचं एक जाड पुस्तक 25 टक्के सवलतीत द्यायला तयार आहे आणि पालकांचा कल त्याकडे आहे. ताई विचारतात: "यातलं कुठलं घेऊ? आणि मला फाडफाड इंग्रजी बोलता येत नाही, मग ज्यात मराठी अक्षरही नाही असं पुस्तक मला झेपेल का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रात तुम्ही पुस्तकांबद्दल दीड पान लिहिलंत आणि मुलांबद्दल दोन ओळी. 22 मुलं, पहिली ते पाचवी, एवढंच कळलं. त्यामुळे 'यातलं कुठलं' या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न येतो: या 22 जणांना एकच पुस्तक चालेल, हे कशावरून? पहिलीतल्या मुलाच्या हातात पेन्सिल अजून नीट बसलेली नसते. पाचवीतली मुलगी मराठीतली गोष्टीची पुस्तकं एकटी वाचते. दोघांना एक मालिका, एक इयत्ता, एक धडा दिलात तर अर्ध्या वर्गाला कंटाळा येईल आणि अर्ध्याला भीती वाटेल.

सचिवांची कळकळ खरी आहे, पण हिशेब चुकतोय. इंग्रजी माध्यमाचं मूल पहिलीत येतं ते बालवाडीची दोन-तीन वर्षं इंग्रजी सूचना ऐकून, आणि पुढे दिवसभर तीच भाषा त्याच्या कानावर असते. तुमच्या मुलांना शाळेतला तास सोडला तर आठवड्याला अडीच तास मिळतात. बालभारतीसुद्धा इंग्रजी माध्यमासाठी 'इंग्लिश बालभारती' आणि मराठी माध्यमासाठी 'माय इंग्लिश बुक' अशी वेगवेगळी पुस्तकं काढते, ती उगाच नाही. इंग्रजी माध्यमाचं पहिलीचं पुस्तक मराठी माध्यमाच्या पहिलीला दिलं तर ते दोन वर्षं पुढचं ठरतं. मग मुलं धडा पाठ करतात, आणि पाठ म्हणून दाखवणारं मूल वाचतंय असा आपला समज होतो.

म्हणून खरेदीआधीचे दोन शनिवार मुलं तपासण्यात घालवा. एका मुलाला सात-आठ मिनिटं पुरतात. चाचणी चार गोष्टींची.

पहिली, कान. स्वतःचे हात पाठीमागे बांधा आणि 'टच युवर नोज', 'ब्रिंग द रेड पेन्सिल', 'पुट द बुक अंडर द चेअर' अशा पाच-सहा सूचना द्या. हात पाठीमागे अशासाठी की मुलं शब्द ऐकण्यापेक्षा शिकवणाऱ्याचा हात आणि नजर बघून अंदाज करतात. दुसरी, अक्षरं. लहान लिपीतली 26 अक्षरं पत्त्यांवर लिहून पिसा आणि एकेक दाखवा. एबीसीडी घडाघडा म्हणणारी मुलं इथे बी-डी आणि पी-क्यूला अडखळतात. तिसरी, शब्द. तीन अक्षरांचे सहा सोपे शब्द द्या आणि त्यात 'मिप', 'लुन', 'फॉज' असे अर्थ नसलेले तीन घाला. 'कॅट' वाचणारं मूल 'मिप'ला गप्प बसलं तर त्याला 'कॅट'चं चित्र पाठ आहे, वाचन येत नाही. चौथी, मराठीचा एक लहान उतारा. ही चाचणी सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक जण हीच गाळतात. मराठीत अजून शब्द जुळवत वाचणाऱ्या मुलाला इंग्रजी वाचनाची घाई करू नका. त्याचा इंग्रजीचा वेळ ऐकण्या-बोलण्याला द्या. एका लिपीत वाचनाची युक्ती कळली की दुसऱ्या लिपीत ती नव्याने शिकावी लागत नाही. (स्वतः उतारे बनवायचे नसतील तर ग्रामीण मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाच्या चाचण्या मोफत मिळतात. त्यात मराठीच्या अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या आहेत. इंग्रजीच्या पायऱ्या म्हणजे मोठी अक्षरं, लहान अक्षरं, सोपे शब्द, सोपी वाक्यं.)

यातून इयत्तेशी फारसा संबंध नसलेले तीन गट निघतील: फक्त ऐकून कळणारे, अक्षर-आवाज जुळवू लागलेले, आणि छोटं वाक्य वाचणारे. चौथीतलं एखादं मूल खालच्या गटात आलं तर लाज वाटायचं कारण नाही. मात्र त्याला 'पहिलीचं पुस्तक' म्हणून देऊ नका. इयत्ता छापलेल्या पानावर कोरा कागद चिकटवा.

पहिल्या गटाला पाठ्यपुस्तक लागतच नाही. त्यांना वस्तू, चित्रं, गाणी आणि तुमचा आवाज पुरतो. पुस्तक निवडायचं ते उरलेल्या दोन गटांसाठी.

दुकानात पुस्तक हातात आलं की पहिलं पान बघू नका. पहिले दोन धडे सगळ्याच पुस्तकांचे गोजिरवाणे असतात. सातवा किंवा आठवा धडा उघडा आणि नवे शब्द मोजा. आठवड्यातून दोनदा भरणाऱ्या वर्गाला एका धड्यात सहा ते दहा नवे शब्द पेलतात. वीस-पंचवीस असतील तर ते पुस्तक रोज तास होणाऱ्या शाळेसाठी आहे. मग तिसऱ्या धड्यातले कुठलेही दहा शब्द कागदावर उतरवा आणि पाचवा ते आठवा धडा चाळून ते पुन्हा आलेत का पाहा. निम्मेही परत येत नसतील तर पुस्तक खाली ठेवा, कितीही रंगीत असो. शब्द एकदा भेटून राहत नाही. निरनिराळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटला तरच राहतो, आणि ते भेटवण्याचं काम पुस्तकानं केलं नाही तर तुम्हाला करावं लागेल.

त्याच धड्यात स्वाध्याय बघा. दहापैकी आठ 'गाळलेल्या जागा भरा' आणि 'जोड्या लावा' असतील तर ती वही झाली. निदान निम्मी कामं तोंडाची आणि कानाची हवीत: ऐका आणि बोट ठेवा, शेजाऱ्याला विचारा, चित्रातला फरक सांगा.

आता अक्षरांचा क्रम. ए-बी-सी-डी हा शब्दकोशाचा क्रम आहे, वाचन शिकवायचा नाही. चांगली पुस्तकं एस, ए, टी, आय, पी, एन अशी सहा अक्षरं आधी घेतात, कारण एवढ्यातच सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन, स्पिन असे शब्द तयार होतात आणि दुसऱ्याच आठवड्यात मूल स्वतः काहीतरी वाचतं. ए-बी-सी-डीच्या क्रमाने गेलात तर तेवढ्याच मेहनतीत हाती 'कॅब', 'बॅड', 'डॅड' असे मोजकेच शब्द लागतात. अक्षरांसमोरची चित्रंही तपासा. 'ओ फॉर आऊल', 'आय फॉर आइसक्रीम', 'यू फॉर युनिकॉर्न', 'सी फॉर चेअर' असं जिथे दिसेल तिथे सावध व्हा. ओचा रोजचा आवाज 'डॉग', 'पॉट'मधला, आणि चित्र आऊचा आवाज शिकवतं. मूल मग 'डॉग' वाचताना गोंधळतं, आणि आपण म्हणतो त्याचं लक्ष नाही. 'ओ फॉर ऑरेंज', 'आय फॉर इंक', 'यू फॉर अंब्रेला' असेल तर लेखकाला विषय कळतो असं समजा. इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44, त्यामुळे 'श', 'च', 'थ' असे दोन अक्षरांनी लिहिले जाणारे आवाज पुस्तकात कुठेतरी स्वतंत्र शिकवलेले हवेत.

टाइपही बघा. पहिली-दुसरीसाठी अक्षर 18 ते 20 पॉइंटचं असावं आणि लहान ए व जी हाताने लिहितो तशा छापलेल्या असाव्यात. वर्तमानपत्री ए-ला डोक्यावर टोपी असते. मुलाला ते वेगळंच अक्षर वाटतं. लिहिताना आणखी एक अडचण आपल्या मुलांना येते. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला लटकतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. म्हणून मराठी मुलांचे जी, वाय आणि पी हवेत तरंगतात. चार रेघी वही घ्या, खालून दुसऱ्या रेघेवर रंगीत पेनने ओढून द्या आणि 'या रेघेवर बसव' एवढंच सांगा. पहिले दोन महिने पाटीवर गिरवून घेतलंत तर वह्याही वाचतील.

मालिकेच्या 'लेव्हल 1' या शिक्क्यावर जाऊ नका. प्रत्येक प्रकाशकाची पहिली पातळी वेगळी. मागच्या बाजूला प्री-ए1, ए1 अशी, भाषा किती येते हे सांगणारी युरोपीय श्रेणी (प्री-ए1 सगळ्यात खालची) छापली असेल तर तिचा थोडा भरवसा धरता येतो. केंब्रिजच्या मुलांसाठीच्या स्टार्टर्स, मूव्हर्स, फ्लायर्स या परीक्षा अनुक्रमे प्री-ए1, ए1 आणि ए2 पातळीच्या आहेत. तुमची बहुतेक मुलं प्री-ए1 किंवा त्याच्याही अलीकडे असतील. त्याहून कामाचा आकडा शिक्षक-पुस्तिकेत असतो: हा अभ्यासक्रम किती तासांचा. गणपती, दिवाळी आणि धो धो पावसाच्या सुट्ट्या वजा जाता वर्षाला 35 आठवडे धरा, म्हणजे 70 वर्ग, साधारण 87 तास. तेही तीन गटांत वाटलेले. पुस्तिकेत 120 तास लिहिले असतील तर एकच भाग दोन वर्षं चालवायचा, हे आजच मंडळाला सांगून टाका.

तुमच्या इंग्रजीबद्दल. तुम्हाला फाडफाड बोलावं लागणारच नाही. या वयाच्या वर्गाला तुमची साठ-सत्तर वाक्यं पुरतात: उठा, बसा, उघडा, पुन्हा म्हण, कोण सांगेल, शाब्बास, तुझी पाळी. ती दर वर्गात त्याच शब्दांत वापरायची. म्हणूनच विद्यार्थ्यांच्या प्रतीपेक्षा शिक्षक-पुस्तिका आधी बघा. तिच्यात 'मुलांशी चर्चा करा' असं मोघम लिहिलं असेल तर तुम्हाला ती उपयोगाची नाही. कुठलं वाक्य म्हणायचं, मुलं काय उत्तर देतील आणि चुकली तर काय करायचं हे ओळीने दिलं असेल तर ती मालिका तुमची. धड्यांचे आवाज क्यूआर कोडमागे असतात. बालभारतीच्या पुस्तकांतले कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर उघडतात. वाडीत रेंज नसते तेव्हा बाजारात गेल्यावर डाउनलोड करून ठेवा. सीडीवाली जुनी पुस्तकं स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, आवाजाशिवाय त्यांचा निम्मा उपयोग जातो.

मराठीचा आधार मात्र सोडू नका. 'वर्गात मराठी शब्द नको' ही अट मुलांच्या सोयीची नाही. नवा शब्द वस्तू दाखवून कळला तर उत्तम, नाहीतर मराठीत एकदा सांगून पुढे जा. पाच सेकंदांत काम होतं. एखाद्या मुलाला घरच्या बोलीतला शब्द जवळचा असेल तर तोच सांगा. फक्त एक पथ्य पाळा. गाईडांमध्ये इंग्रजी ओळीवर देवनागरीत उच्चार छापलेला असतो, आणि मुलंही पेन्सिलने 'धिस इज अ बोट' असं लिहून घेतात. तो उच्चार दिसला की डोळा खालच्या इंग्रजीकडे जातच नाही. उच्चार तुमच्या टिपणवहीत ठेवा, मुलांच्या पानावर नको.

चित्रांत बर्फ, शेकोटी आणि मेट्रो दिसतात, अशी पालकांची तक्रार तुम्ही लिहिली आहे. माझ्या मते ती अर्धीच खरी आहे. मुलांना न पाहिलेलं जगही बघायला आवडतं. पण पहिले शंभर शब्द हात लावता येतील असेच हवेत. खेकडा, होडी, जाळं, चिखल, छत्री, बेडूक, काजू, माड यांचे इंग्रजी शब्द कुठल्याही मालिकेत एकत्र मिळणार नाहीत. ते पत्त्यांवर चित्रं काढून तुम्ही मिळवा. 'द क्रॅब इज इन द नेट', 'द क्रॅब इज अंडर द बोट' हे जून महिन्यात, खरी होडी समोर असताना म्हणून घेतलंत तर 'इन' आणि 'अंडर'साठी वेगळा धडा लागणार नाही.

आता तुमच्या पत्रात नसलेली गोष्ट: गोष्टीची पुस्तकं. पाठ्यपुस्तकाच्या शब्दपेटीत 'एलिफंट' असतो, 'सेड' नसतो. इंग्रजी वाचनात पदोपदी भेटतात ते मात्र 'द', 'सेड', 'वॉज', 'दे', 'व्हेअर' असे चित्र न काढता येणारे शब्द. एडवर्ड डॉल्च या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1936 साली अशा 220 शब्दांची यादी केली, ती आजही वापरतात. यातले बरेच शब्द आवाज जोडून वाचता येत नाहीत, नजरेनेच ओळखावे लागतात. आठवड्याला तीन घेतलेत तरी वर्षात शंभर होतात, आणि गोष्टींत ते आपोआप परत परत येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर 2015 पासून चार पातळ्यांत गोष्टी मोफत आहेत, मराठीत आणि इंग्रजीत. खुल्या परवान्यामुळे त्या छापून घ्यायलाही हरकत नाही. आधी मराठी गोष्ट वाचून दाखवा, दोन दिवसांनी तीच इंग्रजीत. दोन्ही भाषा एकाच पानावर असलेलं पुस्तक असेल तर मराठी ओळ पुठ्ठ्याच्या पट्टीने झाका आणि अडलं तरच उघडा.

गोष्ट जड आहे का हे बोटांवर कळतं. न कळलेल्या प्रत्येक शब्दाला मुलानं एक बोट मिटायचं, पानभरात पाच मिटली तर पुस्तक परत कपाटात. हे पन्नास-शंभर शब्दांच्या पानासाठी. वीस शब्दांच्या पानावर दोनच बोटं.

पैशांची वाटणी मी अशी करीन. समजा चाचणीत पहिल्या गटात नऊ, दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात पाच मुलं आली. पुस्तक वापरणारी तेरा, दोघांत एक म्हणजे सात प्रती. 250 रुपयांची मालिका धरली तर 1,750, शिक्षक-पुस्तिकेला 500. गोष्टीची साठ पुस्तकं, सरासरी 60 रुपये, म्हणजे 3,600. छोटा स्पीकर 1,000, पाट्या, वह्या आणि पत्त्यांचा पुठ्ठा 1,200, पत्र्याची पेटी 1,500. झाले 9,550. उरलेल्या 2,450 ना दिवाळीपर्यंत हात लावू नका. तोवर कुठल्या गटाला काय कमी पडतंय ते कळेल. मालिकेच्या वर्कबुकांवर पैसे घालू नका. त्यात एकदा लिहिलं की पुढच्या वर्षीच्या मुलांना ती निरुपयोगी. तेच स्वाध्याय पाटीवर होतात. शाळेतून फुकट मिळालेलं 'माय इंग्लिश बुक' प्रत्येकाकडे आहेच. ते वर्गात पुन्हा शिकवू नका, पण त्यातल्या कविता जरूर घ्या.

कागदाचंही बघा, कारण तुमच्याकडे पुस्तकाचा खरा शत्रू जून ते सप्टेंबरची हवा आहे. गुळगुळीत आर्ट पेपर ओलीने एकमेकांना चिकटतो, सोडवताना शाई उखडते, आणि त्यावर पेन्सिलही उठत नाही. साधा, बिनचकाकीचा मॅप्लिथो कागद बरा. पाठीला नुसता गोंद असलेलं पुस्तक पहिल्या पावसात सुटतं, आणि पिनांना खाऱ्या हवेत गंज चढून मधलं पान गळतं. पातळ पुस्तकांच्या पिना मे महिन्यातच काढा, घडीवर तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवून घ्या. पेटी भिंतीपासून चार बोटं लांब आणि विटांवर ठेवा, आत वेखंडाचे तुकडे टाका, आणि ऊन पडेल त्या दिवशी पुस्तकं उघडून वारा द्या. कसर लागलेलं पुस्तक आढळलं तर आधी वेगळं काढा.

राहिलं व्याकरणाचं जाडं पुस्तक. एकच प्रत घ्या, तीही तुमच्यासाठी. नामाची व्याख्या पाठ करून 'आय मँगो ईट' दुरुस्त होत नाही. ते मराठीच्या सवयीने येतं, क्रियापद शेवटी. 'अ' आणि 'द' गाळणं, खुर्चीला 'शी' म्हणणं, 'डू यू' न लावता प्रश्न विचारणं हेही तिथूनच आलेलं असतं. या चार चुकांवर दर वर्गात पाच मिनिटं तोंडी सराव घ्या. तेवढं व्याकरण या वयाला पुरे. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांच्या दुसऱ्या पेपरात इंग्रजी असतं, त्यांच्यासाठी परीक्षेआधी तीन-चार महिने जुने पेपर वेगळे सोडवून घ्या. बाकीच्यांना त्यात ओढू नका. पालक वही तपासतात, म्हणून आठवड्याला एक लिहिलेलं पान घरी पाठवा, आणि सोबत एक गोष्टीचं पुस्तक: मुलानं ते घरी मोठ्याने वाचून दाखवायचं, ऐकणाऱ्याने वहीत सही करायची. ऐकणाऱ्याला इंग्रजी येत नसलं तरी चालेल.

सचिवांना नाही म्हणायची गरज नाही. त्यांनी सुचवलेल्या मालिकेची शिक्षक-पुस्तिका आणि पहिल्या भागाची एक प्रत नमुना म्हणून त्यांनाच मुंबईहून पाठवायला सांगा. वर दिलेली सातव्या धड्याची मोजणी तिच्यावर करा आणि आकडे मंडळाला कळवा. मालिका त्यात उतरली तर तीच घ्या. दुकानदाराकडून मात्र, चाचणी होऊन गट ठरेपर्यंत, एकाही प्रतीचं बिल करून घेऊ नका.